व्हॅनची भट्टी का होते?

प्रश्न: आमच्या कॅम्परव्हॅनला एसी नाही. छतावर मागच्या बाजूला १२ व्होल्टचा पंखा आहे, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवतो, काचांना आतून चंदेरी पडदे आहेत. तरी रात्री झोप लागत नाही. मे महिन्यात विदर्भ करून कोकणात उतरणार आहोत. छोटा कूलर घ्यावा का?

उत्तर: कूलर राहू द्या, आधी खिडक्या लावा. पंखा हवा बाहेर फेकेल असा फिरवा आणि त्याच्यापासून सर्वांत लांबची, सावलीकडची एकच खिडकी उघडी ठेवा. पंख्याशेजारची खिडकी उघडी असली की तिथलीच हवा आत येऊन लगेच बाहेर जाते, बिछान्यावर पानही हलत नाही. खिडकीत उदबत्ती धरून पाहा: धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे.

पडदे बाहेरून लावा. आतून लावले तर ऊन काच ओलांडून आलेलं असतं, पडद्यामागची तापलेली हवा आतच राहते. कडेला चुंबकं शिवली की ते पत्र्याला चिकटतात.

विदर्भात त्याच खिडकीत वाळ्याची ओली ताटी बसवा, पंखा तिच्यातूनच हवा ओढेल. कोकणात मात्र ती काढाच. दमट हवेत पाणी उडत नाही, नुसती चिकचिक वाढते.

पंखा ३ अँपिअर घेत असेल तर दहा तासांत ३० अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीला ते झेपतं. आणि स्वयंपाक बाहेरच करा हो!