बँकॉकमधील मंदिरे आणि बाजार आईवडिलांसह कसे पाहावेत?

सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन तुम्ही तीन दिवसांसाठी बँकॉकला जाणार आहात, आणि सकाळी मंदिरे व संध्याकाळी बाजार अशी वाटणी ठीक राहील का, असे तुम्ही विचारले आहे. मी नोकरीनिमित्त त्या शहरात दोन वर्षे राहिले. माझे आईवडील तिथे आले तेव्हा पहिल्या दिवशी मी हीच वाटणी केली होती, आणि शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरण्यातच ते दोघे थकून गेले. म्हणून माझे सांगणे असे की ही वाटणी करू नये. चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने 1782 साली नदीच्या पूर्व काठावर वसवलेल्या रत्नकोसिन या जुन्या भागात मंदिर आणि बाजार एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. पंढरपुरात देवळाच्या वाटेवर बुक्का, तुळशीमाळा आणि टाळ विकणारे बसतात, तसेच तिथेही प्रत्येक मोठ्या मंदिराच्या आसपास त्याच्या उपासनेला लागणाऱ्या वस्तूंचा बाजार असतो. एका वेळी एक मंदिर आणि त्याच्या जवळचा बाजार अशी जोडी घ्यावी. चालणे कमी होते आणि दोन्हींचा अर्थही कळतो.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास भुयारी रेल्वेने सनाम चाई स्थानकावर उतरून पाक ख्लोंग तलात या फुलबाजारात जावे. नावाचा अर्थ ‘बाजाराच्या कालव्याचे मुख’. तो दिवसरात्र सुरू असतो, पण खरी गजबज मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत असते. सकाळी गर्दी ओसरलेली आणि ऊन चढायचे असते, म्हणून वयस्कर माणसांना हीच वेळ बरी. झेंडूचे ढीग, मोगऱ्यासारख्या पांढऱ्या कळ्या आणि पाकळ्या एकेक करून आत दुमडलेली कमळे पाहून माझी आई हरखली होती. त्यातही तिचे लक्ष वेधून घेतले ते हारात ओवलेल्या फिकट जांभळ्या आणि पांढऱ्या, मेणासारख्या फुलांनी, कारण ती आपली रुई होती. शनिवारी मारुतीला आपण जिची पाने वाहतो, तिचीच फुले तिथे ‘फुआंग मालाई’ या हारांत ओवतात. थाई भाषेत रुईच्या फुलाला ‘दोक राक’ म्हणतात आणि ‘राक’ म्हणजे प्रेमही, त्यामुळे विवाहाच्या हारांतही हे फूल असते. मनगटाएवढा एक लहान हार घेऊन तो पुढच्या मंदिरात वाहावा.

ते पुढचे मंदिर म्हणजे थोड्याच अंतरावरचे वत फो. (थाई भाषेत बौद्ध मंदिराला ‘वत’ म्हणतात.) तिथली शयनमुद्रेतील बुद्धमूर्ती 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे, खांबांमधून ती तुकड्यातुकड्यांनी दिसत जाते आणि तळपायांशी पोहोचल्यावर शिंपल्याच्या कामात जडवलेली 108 शुभचिन्हे दिसतात. भिंतीलगत 108 काशाची भांडी मांडलेली असून भाविक प्रत्येकात एकेक नाणे टाकत जातात. त्या नाण्यांचा नाद सबंध दालनभर घुमत असतो. आवारातच पारंपरिक थाई मालिशची जुनी शाळा आहे, तिथे आईवडिलांचे पाय चेपून घ्यावेत. मंदिर पाहण्याचाच तो एक भाग समजावा, कारण वैद्यक आणि मालिश यांचे ज्ञान या मंदिराच्या शिलालेखांतूनच लोकांपर्यंत पोहोचले. तिथून था तियेन धक्क्यावर जाऊन होडीने पलीकडे वत अरुणला जाता येते. नावातला अरुण आपलाच, म्हणजे पहाट. चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे जडवून सजवलेले त्याचे शिखर सकाळच्या उन्हात उजळते. शिखरावरच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, तेव्हा आईवडिलांनी ते खालूनच पाहावे.

दुसरा दिवस राजवाडा आणि त्याच्याच आवारातले वत फ्रा केव हे मंदिर यांना द्यावा. परदेशी पाहुण्यांना 500 बाटचे तिकीट आहे, दार साडेआठला उघडते आणि दुपारी साडेतीननंतर प्रवेश बंद होतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियम दारावर कटाक्षाने पाळला जातो. इथे एक सावधगिरी मनापासून सांगते. राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीशी एका नीटनेटक्या पोशाखातल्या गृहस्थांनी आम्हाला सांगितले की आज समारंभ असल्याने दुपारपर्यंत राजवाडा बंद आहे, तोवर स्वस्तात टुकटुकने, म्हणजे तिथल्या तीनचाकी रिक्षाने, दुसरी मंदिरे दाखवतो. आम्ही गेलो, आणि दोन तास एका रत्नांच्या दुकानात अडकून पडलो. राजवाडा उघडा होता. कोणी काहीही सांगितले तरी मुख्य दारापर्यंत स्वतः चालत जावे.

वत फ्रा केवमध्ये हिरव्या पाषाणातील, सुमारे 66 सेंटिमीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे; तिची वस्त्रे ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा बदलली जातात. मात्र मराठी माणसाने सर्वाधिक वेळ द्यावा तो भोवतालच्या ओवऱ्यांना. त्यांच्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, 178 चित्रांत सलग रंगवलेले आहे. रावण तिथे थोत्सकान, म्हणजे दशकंठ आहे, आणि सीता ही त्याचीच जन्मतः टाकून दिलेली मुलगी आहे. एका चित्रात प्रचंड झालेल्या हनुमानाने रामाचा तंबू रात्री सुरक्षित राहावा म्हणून आपल्या मुखात घेतला आहे, तरीही मैयाराप रामाला पाताळात पळवून नेतो. हे पाहताच माझे वडील म्हणाले, ‘‘अगं, हा तर आपला महिरावण!’’ पाताळाच्या वाटेवर हनुमानाला स्वतःचा पुत्र मच्छानु भेटतो, जसा आपल्या कथेत मकरध्वज भेटतो. त्या दिवशी त्यांनी लहानपणी ऐकलेली ती कथा आम्हाला तिथेच उभे राहून सांगितली.

त्याच दिवशी उन्हे कलल्यावर था फ्रा चान परिसरातल्या ताईतांच्या बाजारात जावे. भिंग डोळ्याला लावून मातीच्या, धातूच्या इवल्या बुद्धमूर्ती तपासणारे लोक तिथे तासन्‌तास बसलेले दिसतात. या मूर्तींबाबत ‘विकत घेणे’ असे म्हणत नाहीत, ‘चाओ’ म्हणजे ‘भाड्याने घेणे’ म्हणतात, कारण बुद्धावर कोणाची मालकी कशी असेल? तुम्हीही दर विचारताना आणि मूर्ती हाती घेताना हा आदर राखावा. मोठी मूर्ती घेऊन ती देशाबाहेर नेण्याचा विचार असल्यास थायलंडच्या ललित कला विभागाचा परवाना लागतो, हे लक्षात ठेवावे.

तिसऱ्या दिवसाची जोडी मला सर्वांत प्रिय आहे, आणि पर्यटक तिथे तुलनेने कमी येतात. वत सुथातसमोर लाल सागवानी खांबांचा उंच झोपाळा उभा आहे. शिवाच्या पृथ्वीवरील आगमनाच्या उत्सवात पुरुष त्यावर झोके घेत आणि उंचावर टांगलेली नाण्यांची पिशवी दातांनी पकडत. 1935 नंतर ही प्रथा थांबली. जवळच शिव, गणेश आणि नारायण यांची देवळे असलेले राजब्राह्मणांचे देवस्थान आहे. बम्रुंग मुआंग रस्त्याच्या दुतर्फा मंदिरांना लागणाऱ्या वस्तूंची दुकाने आहेत: पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या सोनेरी मूर्ती आणि साबण, चहा, टॉवेल भरलेल्या भगव्या बादल्या. या बादल्या भिक्षूंना द्यायच्या असतात आणि त्या दानाचे नावही ‘संघदान’च. तिथून पुढे बान बात या लहानशा वस्तीत आजही काही कुटुंबे लोखंडाच्या आठ पट्ट्या जोडून, ठोकून भिक्षापात्र घडवतात. आठ पट्ट्या म्हणजे अष्टांगिक मार्ग. हातोडीचा आवाज ऐकत गल्लीत शिरावे आणि शक्य असल्यास एक पात्र त्यांच्याकडूनच घ्यावे.

जेवणासाठी फाहुरातला जावे. कापडबाजाराच्या त्या भागात गुरुद्वारा आहे, तिथे लंगर असतो, आणि आसपास भारतीय खानावळीही आहेत. शाकाहारी असाल तर इतरत्र ‘चे’ हा शब्द वापरावा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. नुसते ‘मांस नको’ म्हटल्यास माशाचा ‘नाम प्ला’ हा रस पदार्थात येतोच.

चतुचक हा प्रचंड बाजार शनिवार-रविवारी भरतो. पण आईवडिलांसोबत असताना त्याऐवजी रस्त्यापलीकडच्या ओर तोर कोर या स्वच्छ, छताखालच्या फळबाजारात जावे, असे मी सुचवेन. दम्नोएन सदुआकचा तरंगता बाजार शहरापासून सुमारे 100 किलोमीटर दूर आहे. तीन दिवसांतला अर्धा दिवस त्यावर खर्च करू नये.