पिटुनियावर भुलू नकोस, मोगरा छाट

अगं, फेब्रुवारीत पिटुनिया, फ्लॉक्स बहरलेत म्हणून नुसती बघत बसू नकोस. सुकलेलं फूल देठासकट खुड. नुसत्या पाकळ्या ओढल्यास तर मागे बोंड राहतं, झाड बी धरतं आणि फुलं आटतात.

खरं काम मोगऱ्याचं. आत्ताच एक तृतीयांश छाट, जुनी पानं ओरबाडून काढ, मग मूठभर शेणखत घाल. पहिल्या वर्षी माझा हातच धजेना. उन्हाळाभर नुसता पाला!

पुण्यातलं एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीअखेरीस होऊन जातं. पण दिल्लीला जाणार असशील तर राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये खुलं असतं, सोमवार सोडून. आणि नर्सरीतून डवरलेलं रोप आणू नकोस, कळ्यांचं आण.