चार वर्षांचा फोन स्लो झालाय, कंपनीवाले मुद्दाम करतात का? आता नवीनच घ्यावा का?

प्रश्न वाचला न् हसूच आलं, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की अँड्रॉइड फोन चार वर्षांचा, एकदाही पडला नाही, दिसायला अजून कोरा, पण मागच्या महिन्यात अपडेट आल्यापासून हँग व्हायलाय, चार्जिंग टिकेना, आणि मित्र म्हणतो की कंपन्याच मुद्दाम स्लो करतात म्हणजे माणूस झक मारून नवीन घेतो. हाच प्रश्न मला दिवसातून पाच वेळा काउंटरवर येतो, फक्त तिथं तो असा येतो, "भाऊ, परवापर्यंत पळत होता हो, रातच्याला ते अपडेट आलं आन् तवापासून मेल्यावानी चालायलाय."

परभणीत स्टँडजवळ मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, चौदा वर्षं झाली. आता तुम्ही म्हणाल ह्याचा धंदाच रिपेअरिंगचा, हा नवीन घेऊ नका असंच सांगणार. तसं नाही ओ, नवीन फोन पण ठेवतो मी, आणि खरं सांगू का, नव्या फोनवर मला जेवढं सुटतं त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या कव्हरवर न् टेम्पर ग्लासवर सुटतं. तुम्ही नवीन घेतला तर माझा फायदाच आहे. तरी सांगतो, थांबा.

आधी ते मुद्दाम स्लो करण्याचं. तुमचा मित्र अगदीच फेकत नाही. ॲपलनं जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ हे आयफोनचं अपडेट आणलं, त्यात बॅटरी जुनी झालेले आयफोन ६, ६एस, एसई वगैरे हळू चालवायची सोय गुपचूप टाकलेली होती. डिसेंबरात लोकांनी स्पीड मोजून ते उघडं पाडलं, मग कंपनीनं कबूल केलं, माफी मागितली, ७९ डॉलरची बॅटरी बदलून २९ डॉलरला द्यायला लागली. फ्रान्सनं २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड लावला, आणि अमेरिकेत त्याच वर्षी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. इटलीनं तर २०१८ मध्येच ॲपलला १ कोटी न् सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड ठोकला होता, सॅमसंगचं प्रकरण नोट ४ ह्या जुन्या फोनवाल्यांना पुढच्या मॉडेलसाठी बनवलेलं अपडेट टाकायला लावल्याचं होतं. म्हणजे धूर होता तिथं थोडा जाळ पण होता.

पण ॲपलनं ते का केलं हे कोणी सांगत नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे.

शेतातली मोटर डोळ्यासमोर आणा. रात्री लाईट येते, शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं, मोटर नुसती घूं घूं करते आणि स्टार्टर पडतो. मोटर चांगली आहे, विहिरीत पाणी पण आहे, फक्त उचल घ्यायला एकदम जो दम लागतो तो मागून मिळेना. फोनची जुनी बॅटरी सेम टू सेम. वय झालं की तिच्या आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, मग तुम्ही कॅमेरा उघडला, प्रोसेसरनं एकदम करंट मागितला, की बॅटरीचं व्होल्टेज धपकन खाली बसतं आणि २५ टक्के चार्जिंग दिसत असताना फोन बंद. गिऱ्हाईक म्हणतं टक्के खोटे दाखवतो. टक्के खोटे नसतात, विहिरीत पाणी असतंच की, मोटर उचलेना एवढंच. तर ॲपलनं काय केलं, मोटर पडू नये म्हणून ती हळूच फिरवायची व्यवस्था केली. माझ्या मते इंजिनिअरचं काही चुकलं नव्हतं, अचानक बंद पडण्यापेक्षा हळू चाललेला बरा. चुकलं ते न सांगण्यात. अहो आमच्याकडचा वायरमन सुद्धा जाताना "मामा, व्होल्टेज कमी हे, मोटर सकाळी लावा" एवढं बोलून जातो, आणि हे लाख लाख रुपयांचा फोन विकणारे, ह्यांना "बॅटरी बदला, पहिल्यासारखा पळेल" हे एक वाक्य सांगवेना. कारण ते वाक्य ऐकलं असतं तर अर्ध्या लोकांनी नवीन घेतलाच नसता.

तुमचा अँड्रॉइड आहे, त्याच्यात हीच भानगड असेल असं मी म्हणत नाही, पण बॅटरी सगळ्यांचीच म्हातारी होते आणि आपल्याकडं जरा लवकरच होते. ॲपलवाले लिहितात की फोन ० ते ३५ डिग्रीत वापरा. ३५! परभणीत मे महिन्यात ३५ असलं तर लोक म्हणतील आज गार हे. पारा ४३ च्या वर, फोन बाईकच्या हँडलला नाहीतर ट्रॅक्टरच्या बोनेटवर, वर त्याच्यात मॅप चालू, आणि घरी आला की पत्र्याच्या खोलीत उशीखाली चार्जिंगला लावून पोरगं मॅच बघायलंय. लिथियमच्या बॅटरीला गर्मी आणि फुल्ल चार्ज ह्या दोन गोष्टी एकत्र अजिबात मानवत नाहीत. जगात जर्मनी न् भारतात परभणी म्हणतो आपण, पण फोन टेस्ट करताना ते जर्मनीचं हवामान धरतात न् वापरायला परभणी येते, हा घोळ आहे. उन्हाळ्याच्या शेवटी माझ्याकडं फुगलेल्या बॅटऱ्यांची रांग लागते, मागचं झाकण पापडासारखं उचललेलं असतं, आणि लोक ते दाबून दाबून बसवत असतात. तसलं काही दिसलं तर दाबू नका आणि कुठली टोकदार वस्तू तर लावूच नका, ती पेटते.

आता चार्जिंगचं. "चार्जिंग होईना, पिन बदला" म्हणून येणाऱ्यांत निम्म्यांचं मी काहीच बदलत नाही. मागच्या आठवड्यात जिंतूरकडचे एक काका आले, धोतराच्या आत बनियनला चोरखिसा, त्याच्यात फोन ठेवायची सवय. म्हणले, तिकडं दुकानात सांगितलं चार्जिंग बोर्ड गेला, बाराशे लागतील. मी टॉर्च मारून बघितलं, आत चार्जिंगचा जॅकच दिसेना, नुसतं राखाडी भुसकट. बारीक सुई घेतली, फोन बंद केला, आणि कडेकडेनं उकरत बाहेर ओढलं तर खिशातला सगळा बुरा दाबून दाबून त्याची चक्क वात झालेली. समईत लावली असती तर जळाली असती. चार्जरची पिन रोज तोच बुरा आत ठोकत होती आणि स्वतः पूर्ण बसत नव्हती. मग चार्जर लावला, कट्ट करून आवाज आला, चालू. काका म्हणले किती द्यायचे, म्हणलं चहा पाजा. त्यांनी चहा पाजला आणि वर ती वात कागदात बांधून घेतली, त्या बाराशेवाल्याला दाखवायला. पुढं काय झालं मला माहीत नाही, मी विचारलं पण नाही, धंद्यातला माणूस आहे.

सुई घरी घालू नका पण. लाकडी टूथपिक घ्या, फोन बंद करून, हलक्या हातानं.

मग राहिलं हँग होणं. तुमचं स्टोरेज बघा आधी, मला खात्री आहे तिथं लाल पट्टी आलेली असेल. लग्नघरात रात्री हॉलभर माणसं झोपलेली असतात बघा, आणि आतल्या खोलीतून एक गादी बाहेर न्यायची म्हणलं तर दहा जणांना उठवावं लागतं, कोणाच्या पायावर पाय, कोणाचं पोरगं रडायला लागतं, तसं होतं भरलेल्या फोनचं. त्याला काही नवीन लिहायचं असलं की आधीचं हलवून जागा करावी लागते, आणि स्वस्तातल्या फोनमधली मेमरी मुळातच हळू, म्हणून तुम्ही बोट लावता आणि तो विचार करत बसतो. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवली की निम्मं दुखणं जातं.

आणि ही जागा खाल्ली कोणी? शुभ सकाळनं. चेष्टा नाही करत. आमच्या मावशीचा ३२ जीबीचा फोन, फोटो काढायला गेलं की मेमरी फुल्ल. उघडला तर नऊ हजारांवर चित्रं, गुलाबाचं फूल, चहाचा कप, सूर्य, आणि खाली सुविचार. एकच विठ्ठल सात ग्रुपवरून सात वेळा आलेला. म्हणलं मावशी उडवू का, तर म्हणली, "देवाचं कसं उडवतो रे?" शेवटी तडजोड झाली, देव ठेवले आणि गुलाब उडवले, तरी चार जीबी निघालं. तुम्ही व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन फोटो व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, आणि तिथंच कुठल्या ग्रुपनं किती जागा खाल्ली ते पण दिसतं, बघून घरात भांडण होऊ नये म्हणून एकट्यानं बघा.

अपडेटचं बोलायचं राहिलं. मोठं अपडेट टाकल्यावर एक-दोन दिवस फोन मागं त्याचं त्याचं काम करत असतो, सगळी ॲप नव्यानं मांडत असतो, तेव्हा गरम पण होतो आणि बॅटरी पण खातो. लोक पहिल्याच दिवशी दुकानात येतात. दोन दिवस द्या त्याला, नवी सून पण एवढ्यात रुळत नाही. तुमचं महिन्यानं पण तसंच आहे म्हणजे अपडेटवर खापर फोडण्यात अर्थ नाही, बॅटरी न् स्टोरेज.

काही जण इथं येऊन म्हणतील की जुने नोकिया बघा कसे होते. हो, होते. ११०० आला २००३ ला, २५ कोटींच्या वर विकला जगात, टॉर्च, धूळ आत जाऊ नये म्हणून रबरी कीपॅड, माझ्या वडिलांचा विहिरीच्या पायरीवरून पडूनही वाजत होता. पण तो करत काय होता? फोन लावणं, मेसेज, सापाचा गेम. फावडं पण कधी हँग होत नाही, म्हणून फावड्यावर पीक विम्याचा फॉर्म भरता येत नाही.

कंपन्यांवर राग काढायचाच असेल तर दुसऱ्या जागी काढा. डब्यातून चार्जर गायब केला ना, ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून, पर्यावरण वाचवायचं म्हणून. सॅमसंगनं त्यावरून ॲपलला चिडवलं, आणि जानेवारी २०२१ ला स्वतःच्या एस२१ मधून चार्जर काढला. पर्यावरण एवढं वाचलं की लोक माझ्याकडं येऊन म्हणायला लागले, "भाऊ, शंभरवाला चार्जर द्या." ८० हजारांचा फोन न् शंभरचा चार्जर. मी देत नाही, म्हणून ते समोरच्या हातगाड्यावरून घेतात, आणि महिन्यानं चार्जिंगचा आयसी, म्हणजे आतली चिप, उडवून परत माझ्याकडंच येतात.

मेगापिक्सेलच्या नादाला पण लागू नका. १०८ मेगापिक्सेलवाला फोन नेहमीच्या फोटोत बहुतेक वेळा नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ चाच फोटो देतो. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणला काका तुम्ही जुने झालात.

तर तुमचं काय करायचं. चार्जिंग २०-२५ टक्के असताना कॅमेरा उघडून व्हिडिओ घ्या, फोन बंद पडला तर बॅटरी गेली, बदला. माझ्याकडं मॉडेल बघून आठशे ते पंधराशेत होतं, तुमच्याकडं शंभर दोनशे इकडंतिकडं. ओरिजिनलच टाका, "फर्स्ट कॉपी" ह्या शब्दावर विश्वास ठेवू नका, कॉपी म्हणजे कॉपी, त्यात फर्स्ट काय न् सेकंड काय. जुनी बॅटरी मागून घ्या, तुमच्यासमोर बदलायला लावा. स्टोरेज मोकळं करा. जॅक साफ. एवढं करून पण नाहीच पळाला, नाहीतर कंपनीचे सिक्युरिटी अपडेट बंद झालेत आणि बँकेचं ॲप उघडेना झालंय, तर मात्र नवीन घ्या. तेव्हा घेताना कंपनी किती वर्षं अपडेट देणार ते आधी विचारा, हल्ली काही महागड्या फोनना सात सात वर्षं मिळतात, स्वस्तातल्या बऱ्याच फोनचं दोन-तीन वर्षांत आटपतं. आणि हप्त्यावर घेणार असाल तर पहिल्या दिवशी कव्हर-ग्लास लावा, कारण माझ्याकडं असे कितीतरी येतात ज्यांचे हप्ते अठरा राहिलेत आणि फोल्डर, म्हणजे अख्खा डिस्प्ले, फुटलाय.

माझा स्वतःचा फोन २०१९ चा आहे, दुसरी बॅटरी, कोपऱ्यात तडा. गिऱ्हाईक हसतात, मोबाईलवाल्याचाच मोबाईल असला.

परभणीकडचे असाल तर घेऊन या, बघून देतो. फक्त दुपारी दोन ते चार येऊ नका, उन्हात फोन तापतो आणि मी काउंटरमागं झोपलेला असतो.