‘टॅबवर बोलायची सवय लागली, तर ती तोंडाने बोलेल का?’

“आत्ता कुठे ती ‘आई’ म्हणायला लागलीय, मॅडम. चित्राला बोट लावलं की आवाज येतो, हे एकदा तिला कळलं, तर तोंड उघडायचे कष्ट ती कशाला घेईल?” साडेपाच वर्षांच्या एका मुलीच्या वडिलांनी पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न पाहता टॅब पिशवीत परत ठेवला. वाचा-उपचारतज्ज्ञांनी चित्रचिन्हांवर चालणारे संवादाचे ॲप सुचवून दोन महिने झाले होते, ते टॅबवर घेऊनही झाले होते, पण घरात ते एकदाही उघडले गेले नव्हते. बोलण्यात अडचण असलेल्या मुलांचे पालक ज्या काळज्या घेऊन येतात, त्यांत ही काळजी मी सर्वांत जास्त वेळा ऐकते. म्हणून या कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांच्याबरोबर झालेले काम येथे मांडते आहे.

मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. जीभ, ओठ, जबडा आणि श्वास यांच्या स्नायूंवर मेंदूचे नियंत्रण नीट चालत नसल्यामुळे काय म्हणायचे आहे हे तिला ठाऊक असते, पण ते उच्चारात उतरत नाही. ‘आई’ हा एक शब्द, होकारासाठी वर नेलेली नजर, नकारासाठी फिरवलेली मान आणि उरलेले सगळे रडण्या-ओरडण्यातून, एवढीच तिची साधने होती. माझ्याकडे तिला पाठवले गेले ते मात्र संवादासाठी नव्हे. गेल्या महिन्याभरात ती स्वतःच्या हाताला चावू लागली होती आणि संध्याकाळ झाली की तिचे रडणे थांबता थांबत नव्हते, म्हणून ते आले होते.

वडिलांच्या प्रश्नाला मी आधी संशोधनाचे उत्तर दिले. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तींवरच्या २३ अभ्यासांचा आढावा घेतला होता. खुणा, चित्रे किंवा आवाज देणारी यंत्रे वापरायला दिल्यावर त्या व्यक्तींच्या बोलण्याचे काय होते, हा त्यातला नेमका प्रश्न होता. ज्या २७ व्यक्तींबाबतचा पुरावा सर्वांत भक्कम होता, त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते; ११ टक्के व्यक्तींमध्ये फरक पडला नव्हता आणि ८९ टक्के व्यक्तींचे बोलणे वाढले होते. ही वाढ बहुतेकांच्या बाबतीत माफक होती, हेही मी त्यांना सांगितले, कारण अर्धे सांगून धीर देण्यात मला रस नाही. वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ती मुलं वेगळी असतील.”

त्यांना ते का पटले नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. बोलणे हा संवादाचा सर्वांत जलद मार्ग आहे. ज्या मुलाला एखादा शब्द तोंडाने म्हणता येतो, ते मूल तोच शब्द पडद्यावर शोधत बसत नाही, आणि म्हणूनच चित्रामुळे आळस येईल ही भीती प्रत्यक्षात उतरताना दिसत नाही. उलट यंत्रातून शब्द प्रत्येक वेळी त्याच उच्चारात, त्याच सुरात ऐकू येतो आणि बोलण्याची सक्ती उरत नसल्यामुळे शरीरावरचा ताण कमी होतो. सेरेब्रल पाल्सीत ताणामुळे स्नायू अधिकच आखडतात, त्यामुळे हा मुद्दा लहान नाही. दुसऱ्या भेटीत मी हे सगळे समजावले, तेव्हा वडील गप्प राहिले आणि आई बोलल्या. “हे सगळं बरोबर असेल. पण टॅब वापरायला घेतला, म्हणजे ती बोलेल ही आशा आम्ही सोडली, असंच होणार ना?”

खरी गाठ इथे होती. त्या घरात टॅबकडे एक निकाल म्हणून पाहिले जात होते. पाच वर्षे रोज जिभेचे व्यायाम करून घेणाऱ्या, एका ‘आई’साठी तीन वर्षे थांबलेल्या माणसांना आकडे दाखवून हे दुःख हलके होणार नव्हते. मी त्यांना एवढेच सांगितले की बोलण्याचे उपचार एक दिवसही थांबवायचे नाहीत. बोलणे येईपर्यंत, आणि ते किती येईल हे आज कोणीही सांगू शकत नाही, तोपर्यंत तिने मनातले मनातच का ठेवायचे, एवढाच प्रश्न मी त्यांच्यासमोर ठेवला.

चिन्हांची ही वाट कोठून सुरू झाली, हेही मी त्यांना त्या दिवशी सांगितले. दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून शांघायमार्गे ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ मध्ये एक चिन्हलिपी प्रसिद्ध केली. निरनिराळ्या भाषांच्या माणसांना एकमेकांचे म्हणणे कळावे, ही तिच्यामागची इच्छा होती आणि चिनी लिपी पाहून त्यांना ती सुचली होती. १९७१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलांसमोर हीच चिन्हे ठेवली आणि ती मुले त्यांतून बोलू लागली. आज बहुतेक ॲपमध्ये त्याहून सोपी, रंगीत चित्रे असतात. चौकोनाला स्पर्श केला की शब्द वरच्या पट्टीत जातो आणि यंत्र तो उच्चारते. ज्यांना बोट वापरता येत नाही, त्यांच्यासाठी एका बटणावर चालणारी किंवा नजरेचा माग घेणारी साधने आहेत. या मुलीची मूठ वळलेली असते, त्यामुळे तिच्या पडद्यावर चौकोनांच्या जागी भोके असलेले पारदर्शक झाकण बसवले, म्हणजे हात भलत्या चिन्हावर पडत नाही.

पालक तयार झाले, ॲप सुरू झाले आणि तीन आठवड्यांत मुलीने त्याकडे पाहणेही सोडले. वडील म्हणाले, “बघा, तिला चित्रं कळतच नाहीत.” मला तसे वाटले नाही. मी पडदा पाहिला, तर त्यावर बारा चौकोन होते आणि ते बाराही वस्तूंचे किंवा गरजांचे होते: पाणी, भूक, शी, झोप, बाहुली, असेच सगळे. यांतले जवळजवळ सगळे ती न बोलता आईला आधीच कळवू शकत होती. तिच्यापाशी नव्हते ते ‘नको’, ‘थांब’, ‘अजून’, ‘मी’, ‘तू’, ‘कुठे’, ‘का’, ‘बघ’, ‘संपलं’. आपण दिवसभर जे बोलतो, त्याचा फार मोठा भाग अशाच काही शे शब्दांचा असतो आणि यांतल्या बहुतेकांचे चित्र काढता येत नाही. ‘अजून’चे चिन्ह पाहून कोणालाच ‘अजून’ कळत नाही. ते वापरातूनच कळते. मराठीत तर ‘नाही’ आणि ‘नको’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ॲपमध्ये नकाराचे एकच चिन्ह असल्यास मुलाच्या हातून इच्छा नसल्याचे सांगणारा शब्द निसटतो. वाचा-उपचारतज्ज्ञांशी बोलून आम्ही चाळीस चौकोनांचा पडदा केला, ‘नको’ला स्वतंत्र जागा दिली आणि ठरवले की एकदा ठरलेली जागा कोणत्याही शब्दाची बदलायची नाही, कारण हाताला शब्दाची जागा पाठ होते, तीच पुढे वेग देते.

त्याहून मोठा बदल घरातल्या मोठ्यांना करावा लागला. मूल बोलण्याआधी साधारण वर्षभर भोवतालचे बोलणे ऐकते, पण चिन्हांतून बोलणारे माणूस मात्र या मुलीने कधीच पाहिलेले नव्हते, आणि तरीही पहिल्याच आठवड्यात तिने त्यांतून बोलावे अशी आमची सर्वांची अपेक्षा होती. म्हणून ठरले असे, की आई-वडिलांनी नेहमीसारखे बोलायचे आणि बोलता बोलता वाक्यातला एखादा-दुसरा शब्द पडद्यावर स्वतः दाबायचा. तिने काही दाबलेच पाहिजे, अशी अट नाही. “दाखव बरं, पाणी कुठे आहे?” असे विचारणे पूर्ण बंद, कारण ती परीक्षा होते आणि परीक्षेत कोणी मन मोकळे करत नाही. तिचा हात धरून चिन्हावर टेकवणेही बंद. ही गोष्ट मी पालकांना निक्षून सांगते. दुसऱ्याने हात धरून उमटवलेला शब्द मुलाचा आहे असे मानता येत नाही. आपले बोलून झाल्यावर मनात दहा आकडे मोजायचे आणि तिच्याकडे पाहत थांबायचे. वडिलांना हे दहा आकडे सर्वांत जड गेले, असे त्यांनी नंतर सांगितले.

सहाव्या आठवड्यात वडील तिच्या पायांचे ताणाचे व्यायाम करून घेत होते आणि नेहमीप्रमाणे ती रडत होती. टॅब शेजारी होता. तिने ‘थांब’ दाबले. वडील क्षणभर गोंधळले आणि थांबले. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी पुन्हा पाय उचलला, तिने पुन्हा ‘थांब’ दाबले, आणि त्या संध्याकाळी तिने हा शब्द अकरा वेळा वापरला. वडिलांनी फोन करून विचारले, “असं केलं तर व्यायाम व्हायचा कसा?” मी त्यांना म्हटले की काही दिवस तो कमी झाला तरी चालेल, पण तिच्या ‘थांब’ने माणूस थांबतो हे तिला अनुभवू द्या. आठवड्याभरात ती ‘थांब’नंतर थोड्या वेळाने ‘अजून’ दाबू लागली आणि रडणे कमी होऊन व्यायाम पहिल्यापेक्षा नीट होऊ लागला.

तिच्या हाताला चावण्याचे कारण मला तोपर्यंत सापडले नव्हते, आणि ते मी शोधलेही नाही. ते तिनेच सांगितले. दहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने कुटुंबाच्या पानावरचा आजीचा फोटो दाबला, मागे येऊन ‘कुठे’ दाबले आणि पुन्हा तेच केले. ‘आजी कुठे.’ तिच्या आयुष्यातला हा पहिला प्रश्न होता. तिच्याजवळ रोज संध्याकाळी बसणारी आजी शस्त्रक्रियेसाठी काकांकडे गेली होती आणि बरी होईपर्यंत तिथेच राहणार होती. हे मुलीला कोणीही सांगितले नव्हते, कारण तिला कळणार नाही असे सर्वांनी धरून चालले होते. आईंनी दिवसांचा हिशेब लावला, तेव्हा चावणे सुरू झाले ते आजी गेल्याच्या आठवड्यातच, असे दिसले. त्या रात्री आई-वडिलांनी तिला सगळे सविस्तर सांगितले, आजीला व्हिडिओ कॉल केला, आणि पुढच्या भेटीत वडील माझ्यासमोर बसून बराच वेळ काही बोलू शकले नाहीत. चावणे एका रात्रीत गेले नाही. पण महिन्याभरात ते क्वचितच दिसू लागले.

या काळात आईंनी एक गोष्ट हेरली, जी माझ्याही लक्षात आली नव्हती. ॲपमधली तयार वाक्ये ‘मी जातो’, ‘मी खेळतो’ अशी होती. आमची मुलगी मुलासारखी का बोलते, असे त्यांनी विचारले आणि एका रविवारी बसून सगळी रूपे ‘जाते’, ‘खेळते’ अशी केली. यंत्राचा आवाजही प्रौढ माणसाचा होता, तो त्यांनी मुलीचा निवडला. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण त्यानंतर घरातले लोक ‘टॅब म्हणाला’ असे न म्हणता ‘ती म्हणाली’ असे म्हणू लागले.

आता अकरा महिने झाले आहेत. वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तिच्यापुरते असे देऊ शकते: ‘आई’च्या जोडीला घरच्यांना ओळखू येतात असे आणखी नऊ शब्द ती तोंडाने म्हणते, ‘आजी’तला ‘जी’ चिन्ह दाबता दाबताच प्रथम आला, आणि जो शब्द तोंडाने जमतो त्यासाठी ती पडद्याकडे वळत नाही. बाहेरच्या माणसाला हे शब्द कळत नाहीत. तिथे ती टॅबवरून बोलते. यापुढे किती शब्द येतील हे मला माहीत नाही आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे.

मागच्या भेटीत वडिलांचा प्रश्न वेगळा होता. शाळेत मधल्या सुट्टीत टॅब पडेल म्हणून दप्तरात ठेवला जातो, तेव्हा ती मैत्रिणींशी बोलणार कशाने? आम्ही टॅबवरच्याच मांडणीचा जाड कागदावरचा तक्ता करायचे ठरवले आणि खेळासाठी एक नवे पान जोडायचे ठरवले. त्यात कोणते शब्द असावेत, असे मी वडिलांना विचारत होते, तेवढ्यात तिने ‘थांब’ आणि लगेच ‘मी’ दाबले. मग मी खुर्ची तिच्याकडे वळवली. आई एकेक शब्द वाचत गेल्या आणि ती नजर वर नेऊन होकार देत गेली. पहिला होकार ‘माझा नंबर’ला मिळाला, दुसरा ‘रडीचा डाव’ला.