समुद्राने आणून टाकलं म्हणून ते आपलं होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जहाज फुटलं, कंटेनर वाहत किनाऱ्याला लागले, आसपासच्या लोकांनी त्यातला माल घरी नेला, तर याला सॅल्व्हेज (म्हणजे संकटातला माल वाचवून त्याचा मोबदला मागणं) म्हणायचं की चोरी? तुमचं म्हणणं असं, की तो माल नाहीतरी खाऱ्या पाण्यात कुजणारच होता आणि मालकाला विमा मिळतो, तेव्हा कुणाचंच काही गेलं नाही. शिवाय मामांनी मागे पुळणीवरून आणलेलं एक निळं पिंप अजून पडवीत आहे, हेही तुम्ही लिहिलंय. माझी नोकरी सागरी विम्याचे दावे तपासण्यात गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ उत्तर देतो. वाळूवर पडलेली वस्तू उचलणं हा गुन्हा नाही, उचलून गप्प बसणं हा गुन्हा आहे. भरतीचं पाणी चढतंय, खोकी पुन्हा आत ओढली जाणार, म्हणून चार माणसांनी ती वर आणून ठेवली आणि कस्टमला किंवा पोलिसांना कळवलं, तर ती मालकाला केलेली मदत झाली आणि तिचा मोबदला मागता येतो. तीच खोकी रात्री टेम्पोत घालून बाजारात विकली तर तो अपहार. दोन्हीकडे कष्ट सारखेच पडले असतील, पण कायदा पुढचं वागणं बघतो.

सॅल्व्हेजबद्दलचा मोठा गैरसमज म्हणजे वाचवणारा मालक होतो हा. तसं कधीच नव्हतं. माल संकटात हवा, मदत करणाऱ्यावर ती करण्याची आधीपासून जबाबदारी नसावी आणि काहीतरी खरोखर वाचलेलं असावं, या तीन गोष्टी जुळल्या की वाचवणाऱ्याला मोबदल्याचा हक्क मिळतो. काहीच वाचलं नाही तर एरवी काहीच मिळत नाही. मोबदला जे वाचलं त्याच्या किमतीच्या वर जात नाही. तो मिळेपर्यंत मालावर त्याचा बोजा राहतो, पण मालकी मूळ मालकाचीच. खलाशी जीव वाचवायला जहाज सोडून गेले म्हणजे मालकाने मालावर पाणी सोडलं, असाही अर्थ होत नाही.

आता विम्याचं. विमा कंपनीने पूर्ण नुकसानीचे पैसे दिले की त्या मालावरचे हक्क तिच्याकडे येतात. म्हणजे माल बेवारस होत नाही, फक्त मालक बदलतो. आणि ज्या कंटेनरवर तुम्ही पाय देऊन उभे असता, त्याच्या दारावरच चार अक्षरं आणि सात आकडे रंगवलेले असतात. त्यावरून कंटेनर कुठल्या कंपनीचा, कुठल्या जहाजावर होता आणि आत कुणाचा माल होता हे सगळं शोधता येतं. ‘मालक कोण ते कळलंच नाही’ ही सबब म्हणूनच टिकत नाही.

सगळ्यांचा विमा असतोच असंही नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅन्सकोंबचं प्रकरण मी नव्या मुलांना नेहमी सांगायचो. १८ जानेवारी २००७ रोजी वादळात ‘एमएससी नेपोली’ या जहाजाला भेगा पडल्या. सव्वीस जणांना हेलिकॉप्टरने उचललं. जहाज ओढून नेताना ते बुडणार असं दिसल्यावर डेव्हन परगण्याच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम उथळ पाण्यात बसवलं. त्यावर २,३१८ कंटेनर होते. त्यातले काही पडले आणि ब्रॅन्सकोंबच्या पुळणीवर आले. बीएमडब्ल्यूच्या कोऱ्या मोटरसायकली, दारूची लाकडी पिंपं, गाड्यांचे सुटे भाग, लहान मुलांचे लंगोट. बातमी दूरचित्रवाणीवर दिसली आणि दूरदूरच्या गावांहून माणसं गाड्या, ट्रेलर घेऊन आली. मोटरसायकली ढकलत नेणाऱ्यांची चित्रं तुम्हीही पाहिली असतील.

त्या गर्दीत एक कंटेनर घरसामानाचा होता. स्वीडनहून दक्षिण आफ्रिकेला राहायला निघालेल्या कुटुंबाचा सगळा संसार त्यात होता. त्या बाईंनी आपल्याच वस्तू अनोळखी माणसं उचलून नेताना टीव्हीवर पाहिल्या. अशा सामानाची भरपाई पैशात होतच नाही. मी दावे तपासले आहेत, त्यामुळे सांगतो, कारखान्याच्या मालाचा दावा एका चेकने मिटतो, पण आजीच्या हातच्या भरतकामाला आम्ही कागदावर आकडा काय घालणार? ‘कुणाचंच नुकसान नाही’ हे वाक्य मला म्हणून मुळीच मान्य नाही.

ब्रॅन्सकोंबच्या लोकांना कायदा उघड सांगितला गेला होता. सापडलेली वस्तू अठ्ठावीस दिवसांत ‘रिसिव्हर ऑफ रेक’ या सरकारी अधिकाऱ्याला कळवा. कळवलं तर मोबदल्याचा हक्क शाबूत. न कळवलं तर दंड, शिवाय हक्क बुडाला आणि मालकाला वस्तूच्या दुप्पट किंमत द्यायची. कित्येकांनी रीतसर अर्ज भरले. मोटरसायकल नेऊन अर्ज भरणारा आणि अर्ज न भरणारा, दोघांनी एकाच वाळूवरून गाडी ढकलली होती, पण कायद्याच्या नजरेत ते फार वेगळे.

‘पूर्वीपासून किनाऱ्याला लागेल ते गावाचं’ असं कोकणात बरेच जण म्हणतात. इतिहास बघितला तर तो हक्क गावाचा नव्हता, राजाचा होता. काकतीय राजा गणपतिदेवाचा इ.स. १२४४-४५ चा शिलालेख आंध्र किनाऱ्यावर मोटुपल्लीला आहे. पूर्वीचे राजे वादळाने फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांतलं सोनं, हत्ती, घोडे, रत्नं सगळं जबरदस्तीने घेत, असं तो स्पष्ट लिहितो. पुढे म्हणतो, प्राणापेक्षा धन मोठं मानून समुद्राचं धाडस करणाऱ्या या व्यापाऱ्यांना आम्ही दयेने, कीर्तीसाठी आणि पुण्यासाठी ठरलेलं शुल्क सोडून बाकी सगळं परत देतो. मला हा लेख फार मोलाचा वाटतो. आपल्याच किनाऱ्यावर पावणेआठशे वर्षांपूर्वी एका राजाने हा प्रश्न व्यापाऱ्याच्या बाजूने सोडवला होता.

त्याच शतकात, १२७५ मध्ये, इंग्लंडच्या कायद्यात आलं की जहाजातून माणूस, कुत्रा किंवा मांजर जरी जिवंत सुटलं तरी ते जहाज बेवारस धरायचं नाही आणि मालकाला वर्ष आणि एक दिवसाची मुदत द्यायची. आणि आपल्याकडे १६७४ मध्ये, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तहासाठी रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांनी फुटलेल्या जहाजांचा माल परत मिळावा असं कलम मागितलं. त्यावर महाराजांच्या बाजूने हरकत आली, की वादळाने किनाऱ्याला लागलेली जहाजं आणि माल परत देणं कोकणच्या रिवाजात बसत नाही, आणि इंग्रजांना दिलं तर फ्रेंच, डच हेही तेच मागतील. पण तो रिवाज राज्याच्या हक्काचा होता. वाद मालक आणि सत्ता यांच्यातला होता. माल ओढून आणणाऱ्या कोळ्याच्या पदरी त्यातून मालकी कधीच पडली नाही.

आजचा भारतीय कायदा त्या मानाने सोपा आहे. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने घालून दिलेली रीत अशी: सापडलेला माल तुमचा नसेल तर शक्य तितक्या लवकर रिसिव्हरच्या ताब्यात द्यायचा, रिसिव्हरने जाहीर सूचना लावायची, मालकाला एक वर्षाच्या आत दावा करता येतो आणि तो सॅल्व्हेजचा मोबदला व खर्च भरून माल सोडवतो. (२०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला आहे, तेव्हा कलमांचे जुने क्रमांक कुणी तोंडावर फेकले तर तपासून घ्या.) भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४०३ मध्ये, सापडलेल्या वस्तूबद्दल वेगळं स्पष्टीकरण आहे: मालकाला परत देण्यासाठी उचलली तर गुन्हा नाही, मालक शोधता येत असताना किंवा शोधायचा प्रयत्न न करता वापरली तर गुन्हा.

कस्टमचा भाग लोक हमखास विसरतात. कस्टम कायद्याच्या कलम २१ नुसार समुद्रातून आलेला असा माल आयात केलेलाच धरला जातो, म्हणजे त्यावर शुल्क लागू होतं. स्कॉटलंडच्या एरिस्के बेटाजवळ १९४१ च्या फेब्रुवारीत ‘एसएस पॉलिटिशियन’ खडकावर चढलं. त्यात सुमारे २,६४,००० बाटल्या व्हिस्की होती. युद्धाच्या टंचाईत बेटावरच्या लोकांनी ती आपली समजून काढली. पण शुल्क भरलेलं नव्हतं, कस्टमचा अधिकारी मागे लागला आणि काही जणांना तुरुंगात जावं लागलं.

आता कोळ्यांची बाजू, कारण माझा सगळा राग त्यांच्यावर आहे असं वाटू नये. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं. त्यावरचे ६४० पैकी कित्येक कंटेनर कोल्लम, आलप्पुळा भागात किनाऱ्याला लागले. मासेमारीला बंदी आली, प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर पसरले. ज्याचा रोजगार त्या जहाजाने बुडवला त्यालाच आपण ‘खोक्याला हात लावू नकोस’ म्हणतो. त्याचं नुकसान जहाजमालकाने भरलं पाहिजे, आणि त्याने खरोखर माल वाचवला असेल तर मोबदलाही त्याला मिळाला पाहिजे. आपल्याकडे हा हक्क कायद्यात आहे, पण तो कसा मागायचा हे किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन, त्यांच्या भाषेत, कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये वाळूवरच अर्ज मिळत होते. इथे सामान्य माणसाला रिसिव्हर कोण हेच ठाऊक नसतं. ही सरकारची कसूर आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही हात लावू नका, हे मी कायद्याहून जास्त जिवाच्या भीतीने सांगतो. एल्सावरच्या तेरा कंटेनरांत घातक माल होता, त्यातल्या बारांत कॅल्शियम कार्बाइड. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि ठिणगीने पेट घेतो. म्हणून दोनशे मीटर लांब राहायला सांगत होते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली तेव्हा समुद्रात पडलेल्या कंटेनरांत कीटकनाशकंही होती. लेबल धुऊन गेलेल्या डब्यात गोडंतेल आहे की विष, हे बाहेरून कळत नाही.

म्हणून मामांच्या पिंपाबद्दल. ते उघडू नका, उन्हात ठेवू नका, आणि आधीच रिकामं करून कुणी पाणी भरत असेल तर आजच थांबवा. पिंपाचे, त्यावरच्या आकड्यांचे फोटो काढा. कुठे, साधारण कधी सापडलं ते कागदावर लिहा. जवळच्या कस्टम कार्यालयात, सागरी पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकाकडे लेखी कळवा आणि पोच घ्या. पिंप गळत असेल किंवा वास येत असेल तर लांब राहून आधी ११२ ला फोन करा. मामांनी ते भरतीतून ओढून आणायला कष्ट घेतले असतील तर मोबदल्याची मागणी त्याच अर्जात लिहा. उशीर झाला आहे हे खरं, पण स्वतःहून कळवणारा आणि झडतीत सापडलेला यांच्याकडे कुठलाही अधिकारी सारख्या नजरेने बघत नाही. पोच मिळाली की इथे कळवा. पुढचा अर्ज लिहायला मी मदत करेन.