आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

प्रश्न : बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळतो. सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्स सिस्टम आहे. नव्या सॉफ्टवेअरला ग्लिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती सामाईक लायब्ररी) २.१८ हवी होती, आमची २.१७. नवी फाइल आणली आणि ‘लिबसी.एसओ.६’ ही जुनी लिंक आधी उडवली. मग फाइलींची यादी दाखवणारा एलएस नाही, कॉपी करणारा सीपी नाही, लिंक परत जोडणारा एलएनसुद्धा चालेना! रात्रभर बसून सगळं नव्यानं इन्स्टॉल केलं. असले जिवावरचे प्रोग्राम स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी पोटातच घेऊन बांधलेले, का ठेवत नाहीत?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमची रात्र फुकट गेली, हे आधी सांगतो. खरी फाइल, लिबसी-२.१७, जागेवरच होती. उडाली ती फक्त तिच्याकडे नेणारी लिंक. रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरचं, टर्मिनल उघडं असेल तर ते बंद करायचं नाही. त्यात कमांड घेणाऱ्या, चालू असलेल्या शेलनं लायब्ररी आधीच मेमरीत घेतलेली असते, म्हणून सीडी आणि इको या कमांड चालत राहतात. ते शेलच्या पोटातलेच. तिथूनच एसएलएन चालवायचा. ग्लिबसीबरोबरच येणारा हा छोटा एलएन मुद्दाम स्टॅटिक बांधलेला असतो, नेमका याच प्रसंगासाठी. एका ओळीत काम झालं असतं. टर्मिनल बंद झालंच असेल, तर लाइव्ह यूएसबीवरून मशीन चालू करून तीच लिंक जोडायची.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. सांगलीत एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात मीही हाच उद्योग केला होता, आणि वर घाबरून टर्मिनल बंद केलं होतं.

आता स्टॅटिकचं. पूर्वी युनिक्समध्ये बिन आणि एसबिन या फोल्डरांमधले मूलभूत प्रोग्राम स्टॅटिकच असत. यूएसआर हे फोल्डर वेगळ्या डिस्कवर असे, लायब्ररी तिथे. ती डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टमला जोडलीच गेली नाही, तर दुरुस्ती कशानं करणार? ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टमनं हा रिवाज अजून सोडलेला नाही. त्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीनं जानेवारी २००४ मध्ये, ५.२ आवृत्तीत सोडला, पण रेस्क्यू नावाच्या फोल्डरात अडीअडचणीचे स्टॅटिक प्रोग्राम ठेवून. मला ही तडजोड आवडते. आमच्या वाड्यात नळ आल्यावरही आजीनं आड बुजवू दिला नव्हता. पाइप फुटली की अख्खी गल्ली कळशा घेऊन आमच्या दारात.

मग सगळंच स्टॅटिक का नको? जानेवारी २०१५ मध्ये ग्लिबसीतलं ‘घोस्ट’ नावाचं भगदाड उघडकीस आलं. डायनॅमिक, म्हणजे चालताना बाहेरची लायब्ररी वापरणाऱ्या, प्रोग्रामांसाठी एक लायब्ररी बदलली, सर्व्हिसेस रिस्टार्ट केल्या, काम झालं. स्टॅटिक प्रोग्रामांच्या पोटात मात्र तोच सदोष कोड जाऊन बसलेला. ते एकेक करून नव्यानं बांधायचे. आणि ग्लिबसीवर स्टॅटिक म्हणजे पुरतं स्टॅटिकही नव्हे. युजरचं किंवा मशीनचं नाव शोधायची वेळ आली की ती चालता चालता पुन्हा शेअर्ड लायब्ररीच मागते.

तेव्हा सगळं डायनॅमिकच राहू द्या आणि बाजूला एक स्टॅटिक बिझीबॉक्स ठेवा. एकाच फाइलमध्ये एलएस, सीपी, एलएन, एमव्ही सगळे मिळतात. ग्लिबसीला तर हात लावूच नका. नवं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या लायब्ररी सोबत बाळगणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, चालवा. शिवाय सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलाय. नव्यानं इन्स्टॉल करायला बसलाच होतात, तर परत तेच कशाला घातलंत?