युद्धनौकेवर पांढरा भात कसा नडला?

प्रश्न: जुन्या जहाजांवर स्कर्व्हीने खलाशी मरायचे हे माहितीये, पण जपानच्या नेव्हीत भातामुळे लोक आजारी पडायचे असं ऐकलं, खरंय का?

उत्तर: खरंय, पण भातामुळे म्हणजे नुसताच भात खाल्ल्यामुळे. बेरीबेरी व्हायचा, पाय सुजून बधिर, चालता येईना आणि शेवटी हार्टच बंद पडायचं. गरीब घरातल्या पोरांना नेव्हीतला पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ म्हणजे चैन, मग तोच पोटभर खायचा आणि बाकी खाण्याचे पैसे वाचवायचे, आता यात त्यांची काय चूक?

१८८२-८३ मध्ये 'र्युजो' जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका करून आलं, तर ३७६ पैकी १६९ जण आजारी आणि २५ मेले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो लंडनला शिकून आलेले, त्यांनी बघितलं की अधिकाऱ्यांना हा रोग कमी होतो आणि त्यांचं जेवण चांगलं असतं. मग १८८४ ला 'त्सुकुबा' जहाज त्याच मार्गाने पाठवलं पण मांस, दूध, ब्रेड वगैरे देऊन, आणि बेरीबेरीने एकही मेला नाही! पुढे भातात जव मिसळायला लागले. गंमत म्हणजे त्यांचं कारण चुकलेलं, त्यांना वाटलं प्रोटीन कमी पडतंय, खरं कमी पडत होतं व्हिटॅमिन बी१, जे पॉलिश करताना कोंड्याबरोबर जातं, पण तेव्हा व्हिटॅमिन कोणाला माहीत होतं.

लष्करातले बडे डॉक्टर मात्र ऐकेनात, त्यांना हा जंतूंचाच रोग वाटायचा, आणि १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात त्यांचे हजारो सैनिक बेरीबेरीनेच गेले.